चुन्याचा काल आणि वास्तूचा काल

१

महाराष्ट्रातील मध्ययुगीन दगडी वास्तूंच्या कालनिर्णयाचा प्रश्न आजवर मुख्यतः तीन साधनांनी सोडविला जात आला आहे : शिलालेख, कागदपत्रे व शैली. पहिली दोन साधने जेथे उपलब्ध असतात तेथे वादाला फारशी जागा उरत नाही असे मानले जाते. जेथे ती नसतात तेथे सर्व भार शैलीवर पडतो, आणि शैलीचा निर्णय पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो. अशा स्थितीत, दगडांच्या सांध्यांत भरलेला चुनाच प्रयोगशाळेत नेऊन त्याचे वय मोजता येते ही कल्पना अभ्यासकांस आकर्षक वाटावी यात नवल नाही. युरोपात या पद्धतीवर साठ वर्षांहून अधिक काळ संशोधन झाले आहे. तिचा उपयोग आपल्याकडील देवळे, बारवा, वाडे व समाध्या यांच्यासाठी कितपत होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. रसायनशास्त्र किंवा वास्तुशास्त्र नव्हे. तरीही या प्रश्नात भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, ज्या 'हेमाडपंती' या संज्ञेवर आपल्याकडील कालनिर्णयाचा बराचसा डोलारा उभा आहे ती मुळात एक शब्द आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ तपासल्याखेरीज प्रयोगशाळेकडे कोणता प्रश्न घेऊन जावयाचे हेच ठरत नाही. दुसरे असे की, कर्ब-१४ च्या पद्धतीचे अनुकरण भाषाशास्त्राने एकदा मोठ्या उत्साहाने करून पाहिलेले आहे. त्या प्रयोगातून आलेला अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा आहे.

पुढील विवेचनाचा मुख्य मुद्दा आरंभीच मांडतो. चुन्याच्या परीक्षेतून जो काल मिळतो तो चुना घट्ट झाल्याचा काल होय. तो वास्तूचा काल आहे किंवा नाही हे प्रयोगशाळेस सांगता येत नाही. ते वास्तूचे थर वाचणाऱ्यासच सांगावे लागते. युरोपातही ही मर्यादा आहेच. परंतु दख्खनमध्ये ती इतकी तीव्र होते की तिचा विचार न करता केलेली परीक्षा निरुपयोगी ठरेल, प्रसंगी दिशाभूल करणारीही ठरेल.

२

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली की तिच्यातील कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. ही चुनकळी पाण्यात विरवून, तिच्यात वाळू मिसळून, ते मिश्रण घाणीत दळतात व दगडांच्या सांध्यांत भरतात. तेथे ते हवेतील कर्बवायू शोषून घेऊ लागते आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच्याच रासायनिक रूपास येऊन कठीण होते. भट्टीतून निघून गेलेला कर्ब भूगर्भातील पुरातन कर्ब होता. त्याच्या जागी आलेला कर्ब बांधकामाच्या वेळच्या हवेतील असतो. हवेतील कर्बात कर्ब-१४ चा अल्प अंश असतो. चुना घट्ट झाला की हा अंश त्यात बंदिस्त होतो आणि ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने क्षय पावू लागतो. उरलेला अंश मोजला की वय निघते. लाकूड, कोळसा, धान्य यांच्या बाबतीत लिबी यांनी १९४९ च्या सुमारास जे तत्त्व सिद्ध केले व ज्यासाठी त्यांस १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेच तत्त्व येथे निर्जीव पदार्थास लावलेले आहे.

लाबेरी व देलिब्रियास या फ्रेंच संशोधकांनी १९६४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या पद्धतीचा प्रथम पुरस्कार केला. पुढल्याच वर्षी स्टुइव्हर व स्मिथ यांनी तिची चिकित्सा केली. आरंभीचे निष्कर्ष संमिश्र होते. काही चुन्यांचे वय ज्ञात इतिहासाशी जुळले. काहींचे शेकडो वर्षे अधिक निघाले. याची कारणे लवकरच ध्यानात आली.

पहिले कारण म्हणजे अपुरी भाजलेली चुनखडी. भट्टीत सर्व खडे सारखे भाजत नाहीत, आणि न भाजलेल्या कणांत कर्ब-१४ नसलेला मृत कर्ब तसाच राहतो. त्याचा परिणाम किती होतो हे साध्या गणिताने दाखविता येते. नमुन्यातील शंभर भाग कर्बात एक भाग मृत कर्ब असला तर वय सुमारे ८० वर्षांनी वाढते. पाच भाग असला तर सुमारे ४१० वर्षांनी. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. त्याच्या चुन्यात पाच टक्के मृत कर्ब राहून गेला असेल, तर तो चुना चौदाव्या शतकाच्या आसपासचा आहे असे यंत्र सांगेल. यंत्राने मोजलेले मान येथे अचूकच असते. चूक होते ती ते मान कशाचे आहे हे ठरविण्यात.

दुसरे कारण याच्या उलट दिशेने काम करते. जाड भिंतीच्या पोटात हवा पोहोचण्यास वेळ लागतो, त्यामुळे तेथील चुना पूर्णपणे घट्ट होण्यास अनेक दशके, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. असा चुना वास्तूपेक्षा तरुण दिसतो. तिसरे कारण पावसाच्या पाण्याचे. पाणी मुरून चुना अंशतः विरघळतो व पुन्हा स्फटिकरूप होतो. या घडामोडीत नवा किंवा जुना कर्ब त्यात शिरू शकतो, आणि चुकीची दिशा आधी सांगता येत नाही.

३

या अडचणींतून मार्ग काढण्याचे सर्वांत चिकाटीचे काम फिनलंडच्या आलंड बेटांवर झाले. तेथील मध्ययुगीन दगडी चर्चांविषयी लिखित पुरावा फार तोकडा आहे. १९९० च्या दशकापासून रिंगबोम, हाइनेमायर, लिंडरूस आदी संशोधकांनी त्या चर्चांच्या चुन्याची पद्धतशीर परीक्षा केली. चुन्याची पूड फॉस्फरिक आम्लात विरघळू दिली असता हवेतून आलेला कर्ब लवकर मोकळा होतो व न भाजलेल्या चुनखडीतील कर्ब सावकाश बाहेर पडतो. म्हणून निघणारा वायू एकदम न घेता टप्प्याटप्प्याने गोळा करावयाचा व प्रत्येक टप्प्याचे वय स्वतंत्रपणे काढावयाचे, अशी रीत त्यांनी परिपूर्ण केली. त्वरकयंत्रामुळे काही मिलिग्रॅम कर्बावरही मापन होऊ लागल्याने हे शक्य झाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ही पद्धती यशस्वी झाल्याचे प्रतिपादन आहे.

तथापि हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे पाहणे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आलंडचा चुना पाण्याने न आवळणारा, केवळ हवेने घट्ट होणारा होता. निबंधाच्या शीर्षकातच तेवढी मर्यादा घातलेली आहे. चर्चांच्या बांधकामात लाकूड होते, आणि लाकडाच्या वृक्षवलयांवरून मिळणाऱ्या कालाशी चुन्याचा काल ताडून पाहता येत होता. भिंतींचे टप्पे आधी वास्तुतज्ज्ञांनी नोंदविले होते. चौथी गोष्ट, ज्या शतकांचा प्रश्न होता त्या शतकांत कर्ब-१४ ची पद्धती बऱ्यापैकी काम देते. या चार अनुकूलता जेथे नाहीत तेथे काय होते याची कल्पना २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक परीक्षेवरून येते. तीत एकाच चुन्याचे भाग निरनिराळ्या प्रयोगशाळांना देण्यात आले होते. काही नमुन्यांत निष्कर्ष जुळले, काहींत विखुरले.

अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील दगडी मनोऱ्याचे उदाहरणही येथे नमूद करण्याजोगे आहे. हा मनोरा कोलंबसाच्या पूर्वी आलेल्या नॉर्स दर्यावर्दींनी बांधला, अशी समजूत तेथे दीर्घकाळ प्रचलित होती. १६७७ च्या एका मृत्युपत्रात मात्र गव्हर्नर बेनेडिक्ट आर्नोल्ड यांनी त्याचा आपली दगडी पवनचक्की म्हणून उल्लेख केलेला आहे. १९९० च्या दशकात केलेल्या चुन्याच्या परीक्षेनेही सतरावे शतकच दाखविले. कागद व चुना यांची अशी एकवाक्यता झाली असताही जुन्या समजुतीचे समर्थक चुन्याच्या परीक्षेत दोष काढीत राहिले. एखाद्या वास्तूस जोडलेले नाव लोकांस प्रिय झाले की केवळ आकड्याने ते सुटत नाही, एवढा बोध या प्रकरणातून घ्यावा.

४

आपल्याकडील असे नाव म्हणजे 'हेमाडपंती'. हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप. त्याचा काल तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. त्याने अनेक देवळे बांधविली अशी परंपरा आहे, आणि त्या परंपरेतून हे विशेषण निघाले. परंतु प्रत्यक्ष वापरात त्याचा अर्थ केव्हाच बदलला. एकोणिसाव्या शतकात तयार झालेल्या बॉम्बे गॅझेटियरच्या खंडांत ही संज्ञा चुन्याशिवाय रचलेल्या कोणत्याही जुन्या घडीव दगडी बांधकामास सर्रास लावलेली दिसते. म्हणजे जो शब्द एका मंत्र्याच्या नावावरून निघाला तो एका बांधणीचा वाचक झाला, आणि पुढे बांधणीवरून पुन्हा कालाचा वाचक मानला गेला. अर्थांतराचे हे वर्तुळ भाषाशास्त्रज्ञास परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र त्यात सापडू नये.

अंबरनाथच्या शिवालयाचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील शिलाहारकालीन लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षे ते देऊळ उभे होते. तरी 'हेमाडपंती' या नावाखाली त्याची गणना होतच आली. याउलट, सतराव्या-अठराव्या शतकांत जुन्या धाटणीचे खांब व चिरे वापरून बांधलेल्या किंवा पुन्हा उभारलेल्या देवळांसही हेच नाव सहज मिळते. दोन टोकांत सहा-सातशे वर्षांचे अंतर असलेल्या वस्तूंस एकच विशेषण लागत असेल, तर ते कालवाचक विशेषण म्हणून निकामी झाले असे म्हणावे लागते.

परंतु चुन्याच्या परीक्षेच्या दृष्टीने या शब्दातील खरा पेच निराळाच आहे. 'हेमाडपंती' या संज्ञेच्या अर्थातच चुन्याचा अभाव अंतर्भूत आहे. यादवकालीन देवळाची चिरेबंदी भिंत दगडावर दगड घट्ट बसवून, खाचा व कुसवे जुळवून, स्वतःच्या भारावर उभी असते. तिच्या सांध्यांत वय मोजण्यासारखे काहीच नसते. आणि जर अशा भिंतीच्या सांध्यात चुना आढळला, तर तो बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा असणार. अशा देवळातील चुन्याचा नमुना नेऊन 'देवळाचा काल' काढला, तर तो दुरुस्तीचा काल असेल. आणि त्यात मृत कर्ब राहिला असेल तर तो दुरुस्तीचाही काल असणार नाही. दोन चुका एकमेकींस झाकून कधी कधी अपेक्षित आकडाही देतील, आणि तसा आकडा सर्वांत धोक्याचा. कारण तो कोणी पुन्हा तपासणार नाही.

पुणे जिल्ह्यातील यवतजवळचे भुलेश्वर हे या दृष्टीने अभ्यासनीय देऊळ आहे. त्याच्या आतील भागातील यादवकालीन शिल्पकाम आणि वरील मराठेकालीन विटाचुन्याचे काम, हे दोन थर साध्या डोळ्यांनाही वेगळे दिसतात. तेथून घेतलेला चुना कोणत्या थराचा हे सांगितल्याशिवाय त्याच्या वयास काही अर्थ नाही.

५

मग जेथे चुना निश्चितपणे मूळ बांधकामाचा आहे तेथे तरी ही पद्धती उपयोगी पडेल काय? येथे दुसरी अडचण उभी राहते. हवेतील कर्ब-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नव्हते. म्हणून मोजलेल्या वयाचे वृक्षवलयांच्या साहाय्याने तयार केलेल्या अंशशोधनाच्या वक्रावरून खऱ्या वर्षांत रूपांतर करावे लागते. हा वक्र सरळ उतरत नाही. काही शतकांत तो झपाट्याने खाली येतो, आणि तेथे काल बारकाईने ठरतो. काही शतकांत तो सपाट राहतो किंवा वरखाली होतो, आणि तेथे एका मापाला अनेक काल जुळतात.

महाराष्ट्राच्या इतिहासावर हा वक्र ठेवून पाहिल्यास पुढील चित्र दिसते. तेराव्या शतकाचा अखेरचा भाग, म्हणजे हेमाद्री व रामचंद्र यांचा काल, कालमापनास अनुकूल आहे. चौदावे शतक संदिग्ध आहे. १४०० ते १४८० या काळात वक्र चांगला उतरतो. बहमनी राजवटीचा हा मध्य होय. १४८० ते १६३० पर्यंत तो जवळजवळ सपाट आहे, आणि निजामशाहीचा बहुतेक सर्व काल त्यात मोडतो. १६५० नंतर तर तो इतका वरखाली होतो की शिवकालापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची तीन शतके एकमेकांत मिसळून जातात.

यातून निघणारा निष्कर्ष विचित्र आहे. यादवकाली वक्र चांगला, पण चिऱ्यांच्या सांध्यांत चुना नाही. निजामशाही-आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत चुना विपुल, पण वक्र अंधुक. दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत असा कालखंड पंधराव्या शतकापुरताच उरतो.

वाघोलीचे उदाहरण घेऊन हे अधिक स्पष्ट करता येईल. नगर रस्त्यावरील हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. दगडांच्या खाणींसाठी ते प्रसिद्ध आहे. गावात वाघेश्वराचे दगडी देऊळ असून पहिल्या बाजीरावाच्या काळातील नामांकित सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधीही तेथे आहे. समजा, या परिसरातील एखाद्या भिंतीतून चुन्याचा नमुना घेतला, आणि तो १७५० च्या सुमारास घट्ट झालेला आहे. समजा, मृत कर्ब पूर्णपणे दूर करण्यात यश आले. प्रयोगशाळा त्याचे कर्ब-वय सुमारे १७० वर्षे, अधिक-उणे २५, असे देईल. हे मान वक्रावर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जुळते, अठराव्या शतकाच्या बहुतेक भागाशी जुळते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाशीही जुळते. म्हणजे चुना पिलाजीरावांच्या आधीच्या पिढीचा, त्यांच्या स्वतःच्या काळचा, की ब्रिटिश अमदानीतील डागडुजीचा, हे त्यावरून ठरणार नाही. दप्तरातील एखादी सनद किंवा दगडावरील चार ओळी याहून अधिक सांगतील.

मात्र एक गोष्ट या परीक्षेने ठरू शकते, आणि ती लहान नाही. तोच नमुना तेराव्या किंवा पंधराव्या शतकातील असता, तर त्याचे मान १७० च्या जवळपासही आले नसते. अर्थात 'ही भिंत नेमकी कोणत्या वर्षाची' हा प्रश्न विचारण्याऐवजी 'ही भिंत १४८० च्या अलीकडची की पलीकडची' असा स्थूल प्रश्न विचारला, तर पद्धती प्रामाणिक उत्तर देऊ शकते.

६

स्थूल प्रश्नाच्या वाटेतही दख्खनची भूमी आणखी काही अडथळे घालते. पुण्याचा परिसर काळ्या पाषाणाचा आहे. येथे चुनखडीचे जाड थर नाहीत. येथला चुना काळ्या मातीत व ओढ्यानाल्यांच्या काठी सापडणाऱ्या कंकरापासून भाजला जाई. युरोपातील संशोधनात, न भाजलेल्या कणांतील कर्ब पूर्णपणे मृत आहे असे गृहीत धरता येते, कारण तेथील चुनखडी कोट्यवधी वर्षांची असते. कंकर मात्र मातीत हळूहळू साकळलेला, भूगर्भाच्या मानाने अलीकडचा पदार्थ आहे. दहा हजार वर्षांपूर्वीच्या कंकरात मूळ कर्ब-१४ पैकी सुमारे तीन-दशांश भाग शिल्लक असतो. तेव्हा मृत कर्बाचे युरोपीय गणित येथे जसेच्या तसे लावता येत नाही. ज्या ठिकाणचा कंकर वापरला त्याचेच वय आधी काढावे लागेल.

शिवाय कंकरात मातीचा अंश असतो, त्यामुळे त्याचा चुना काही प्रमाणात पाण्यानेच आवळतो. त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली असल्यास हा गुण वाढतो. अशा चुन्यात पुढील काळातही कर्ब शिरत राहतो आणि वय कमी दिसण्याचा संभव असतो. आलंडच्या संशोधकांनी आपले यश ज्या प्रकारच्या चुन्यापुरते मर्यादित ठेवले तो प्रकार आपल्याकडे क्वचितच मिळेल.

चुन्यातील वाळूचे कण शेवटी प्रकाशात केव्हा होते हे मोजण्याचीही एक पद्धती आहे. तिला क्वार्ट्झचे कण लागतात, आणि काळ्या पाषाणाच्या प्रदेशातील वाळूत ते अल्प असतात. त्याहून आशादायक वाट आहे ती चुन्यात मिसळलेल्या वनस्पतिजन्य पदार्थांची. भाताचा तूस, तागाचे तंतू यांसारखे पदार्थ एका हंगामाचे असतात. त्यांत मृत कर्बाचा प्रश्न येत नाही. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मधील निबंधात दाखविण्यात आले. मराठेकालीन चुन्यातही असे तंतू शोधले पाहिजेत. वक्राची संदिग्धता त्यांनी दूर होणार नाही, परंतु चुन्याच्या चुका तरी टळतील.

७

भाषेच्या अभ्यासकास या सर्व विवेचनात ओळखीच्या खुणा दिसतात. 'चुना' हा शब्द संस्कृत 'चूर्ण' व प्राकृत 'चुण्ण' यांवरून आलेला; तो जुना आहे. 'सांधा' हाही तसाच. परंतु चुन्याच्या बांधकामाशी निगडित 'गिलावा', 'गच्ची', 'सुरखी', 'दरज', तसेच 'कमान', 'घुमट', 'मिनार' हे शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आले. चौदाव्या शतकानंतर बांधकामाची रीत बदलली या पुरातत्त्वीय निष्कर्षास शब्दांची ही वाटणी पूरक आहे. पण तिच्यावरून याहून अधिक काही सिद्ध करू पाहणे अयोग्य होईल. संस्कृतात चुन्याच्या लेपास 'सुधा' हा शब्द होताच. नवा शब्द आला म्हणजे वस्तू नवी आली असे नेहमीच घडत नाही. जुन्या वस्तूस नवे नाव मिळते, आणि जुने नाव झिजून जाते. जुन्या भिंतीची दरज नव्या चुन्याने भरावी, तसाच हा प्रकार.

कर्ब-१४ च्या यशाने प्रभावित होऊन स्वाडेश यांनी १९५० च्या दशकात भाषाकालमापनाची पद्धती मांडली. मूलभूत शब्दांचा संग्रह ठराविक वेगाने क्षय पावतो, दर हजार वर्षांत दोनशे शब्दांपैकी सुमारे ८१ टक्के टिकतात, म्हणून दोन भाषांतील समान शब्द मोजले की त्यांच्या विभक्त होण्याचा काल निघतो, असे तिचे सूत्र होते. १९६२ मध्ये बेर्गस्लांड व फोग्ट यांनी प्रत्यक्ष लिखित इतिहास असलेल्या भाषांवर ती ताडून पाहिली, तेव्हा हा वेग स्थिर नसल्याचे दिसून आले. आइसलँडिक भाषेत तो अगदी मंद होता. पद्धतीचे मूळ गृहीत ज्ञात उदाहरणांवर न तपासता अज्ञात उदाहरणांना लावले गेले, हा त्यातील दोष होता. चुन्याच्या बाबतीत तो दोष आपण पुन्हा करण्याचे कारण नाही.

याहून जवळचा दाखला आपल्या पाठचिकित्सेत आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० ची. एकनाथांनी तिची शुद्ध प्रत शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये सिद्ध केली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतीची भाषा कोणत्या काळची, याविषयी विद्वानांत दीर्घ वाद झाला. ग्रंथाचा काल, पाठाचा काल, हस्तलिखिताचा काल आणि त्यातील एखाद्या रूपाचा काल या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादाने आपल्या मनावर ठसविले. कागदाचे वय मोजून ज्ञानेश्वरीचा काल ठरवावा असे कोणीही म्हणणार नाही. वास्तूच्या बाबतीत मात्र तसे म्हणण्याचा मोह होतो. शिलालेखही या नियमास अपवाद नाही. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९ मधील आहे. परंतु ज्या देवळात तो आहे त्याचा बराच भाग त्या लेखानंतरचा आहे.

८

या चिकित्सेचा हेतू पद्धती टाकून द्यावी असा नाही. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटरमध्ये कर्ब-१४ च्या मापनासाठी त्वरकयंत्र उपलब्ध आहे, त्यामुळे नमुने परदेशी पाठविण्याची सक्ती राहिलेली नाही. प्रश्न आहे तो कोणत्या क्रमाने पावले टाकावयाची याचा.

पहिले पाऊल ज्ञात कालाच्या वास्तूंवर टाकावे. दौलताबादच्या चांदमिनाराशी निगडित लेख हिजरी ८४९, म्हणजे इ. स. १४४५ चा आहे. ते वर्ष वक्राच्या चांगल्या भागात पडते. तेथील मूळ चुन्याने १४४५ च्या आसपासचा काल दिला, तर दख्खनच्या चुन्यास ही पद्धती मानवते असे म्हणता येईल. न दिल्यास, चूक कोणत्या दिशेची व किती, हे तरी कळेल. शनिवारवाड्याच्या चुन्यावर दुसरी परीक्षा करावी. तेथे काल आधीच ठाऊक असल्याने मृत कर्बाचे प्रमाण उलट गणिताने काढता येईल. या दोन परीक्षा होईपर्यंत अज्ञात कालाच्या कोणत्याही देवळाविषयी चुन्यावरून निघालेला आकडा निर्णायक मानू नये.

दुसरे पाऊल नमुन्याच्या नोंदीचे. चुना कोणत्या थरातील, मूळ बांधणीचा की दरज भरल्याचा, भिंतीच्या पृष्ठभागापासून किती खोलीवरचा, त्यात सुरखी आहे काय, तंतू आहेत काय, याची नोंद नसलेला नमुना म्हणजे संदर्भ हरवलेला शब्द होय. असा नमुना प्रयोगशाळेने स्वीकारूच नये. ही नोंद करणे रसायनशास्त्रज्ञाचे काम नाही. वास्तू वाचणाऱ्याचे आहे. त्यासाठी आपल्या विद्यापीठांतील पुरातत्त्व, इतिहास, भूशास्त्र व भाषा या विभागांनी एकत्र बसण्याची आवश्यकता आहे.

तिसरे पाऊल सर्वांत निकडीचे आहे. पुण्याभोवतीची गावे शहरात येत आहेत, आणि त्यांतील जुन्या देवळांच्या जीर्णोद्धारास उत्साहाने हात घातला जात आहे. जीर्णोद्धारात पहिले काम असते ते जुना चुना खरवडून दरजा नव्याने भरण्याचे, बहुधा सिमेंटने. भिंत त्याने मजबूत होते की नाही हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा. परंतु पुरावा त्याच दिवशी नाहीसा होतो. खरवडलेल्या चुन्याची एक मूठभर पुडी, ती कोठून काढली याच्या नोंदीसह, जपून ठेवण्यास खर्च जवळजवळ काहीच येत नाही. आज त्या पुडीतून नेमका काल काढता आला नाही, तरी पद्धती सुधारल्यावर तो काढता येईल. पुडीच नसेल तर सुधारलेल्या पद्धतीचाही उपयोग होणार नाही.

वाघोलीसारख्या ठिकाणी हे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासही करता येईल. देवळाच्या व समाधीच्या भिंतींतील दरजांचे आराखडे काढणे, चुन्याचे प्रकार डोळ्यांनी व भिंगाने वेगळे करणे, जवळच्या जुन्या चुनेभट्ट्यांच्या जागांची व त्यांच्याशी निगडित शब्दांची नोंद करणे, आणि दप्तरांतील उल्लेखांशी हे सर्व ताडून पाहणे, यांतले काहीही यंत्रावर अवलंबून नाही. चुना भाजण्याचा व्यवसाय करणाऱ्या लोणारी घराण्यांतील वृद्धांकडून भट्टी, कंकर व घाणी यांविषयीचा शब्दसंग्रह अद्याप मिळण्यासारखा आहे. तो आणखी एका पिढीनंतर मिळेल याची खात्री नाही. ही पूर्वतयारी झाल्यावर प्रयोगशाळेत पाठविलेला एक नमुना, तयारीशिवाय पाठविलेल्या पन्नास नमुन्यांपेक्षा अधिक सांगेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.